जुन्या मॅटॅडोर गाडीचा जीर्णोद्धार व कामांचा अनुक्रम

काटोल, नरखेड, कळमेश्वर आणि पलीकडील वरूड-मोर्शी या संत्र्याच्या पट्ट्यांत ज्यांचें जाणें-येणें आहे, त्यांच्या दृष्टीस एक देखावा वारंवार पडतो. बागेच्या कडेला, गोठ्यास लागून पत्र्याचें छप्पर असतें. त्याखालीं ताडपत्रीनें अर्धवट झांकलेली मॅटॅडोर गाडी उभी असते. टायर जमिनींत रुतलेले, टपावर कोंबड्या, आणि आंत मोडके क्रेट व फवारणीचे पंप. ही गाडी धन्यास विकवत नाहीं आणि चालवतांही येत नाहीं. अशा गाड्यांविषयीं संघाकडे बरीच पत्रें येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : आधीं इंजिन बांधून घ्यावें कीं रंग काढावा? याचें उत्तर एका ओळींत देतां येण्यासारखें नाहीं, म्हणून या अंकांत हा विषय थोडा विस्तारानें मांडण्याचें योजिलें आहे.

ज्या तरुण वाचकांस ही गाडी केवळ नांवानें ठाऊक असेल त्यांच्याकरितां दोन शब्द. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीनें १९६९ च्या सुमारास जर्मन नमुन्यावरून ही गाडी काढली. त्या कंपनीचें नांव २००५ सालीं फोर्स मोटर्स असें झालें. पुढें या गाडींत मर्सिडीज बेंझच्या परवान्यानें भारतांतच तयार होणारें ओएम ६१६ हें चार सिलिंडरांचें, २.४ लिटरचें डिझेल इंजिन बसूं लागलें. गाडीची ओढ पुढच्या चाकांवर असून मागें लांब प्रोपेलर शाफ्ट नाहीं; त्यामुळें भरतीचा फलाट सखल राहतो. संत्र्याच्या पेट्या दिवसभर चढविणाऱ्या माणसाच्या कमरेला ही सखलता किती मोलाची, हें पेट्या मोजणाऱ्यास कळणार नाहीं. मॅटॅडोर निघणें बंद होऊन बराच काळ लोटला. तथापि हेंच इंजिन त्याच कंपनीच्या ट्रॅक्स व ट्रॅव्हलर गाड्यांत पुढेंही वर्षानुवर्षें बसत राहिल्यामुळें त्याचे सुटे भाग मिळतात. पत्र्याचे भाग मात्र कबाडी बाजारांत नशिबानेंच हातीं लागतात. ही एक गोष्ट ध्यानांत ठेविली तर पुढील क्रमाचा पुष्कळसा भाग आपोआप सुचतो.

प्रथम आमच्याच हातून झालेली चूक सांगतों, म्हणजे आम्हांस या बाबतींत बोलण्याचा अधिकार कोठून आला तें कळेल. कांहीं वर्षांपूर्वीं संघाची स्वतःची मॅटॅडोर आम्हीं दुरुस्तीस काढली. दसऱ्याच्या पूजेला गाडी दारांत उभी दिसावी अशी सर्वांची हौस. तेव्हां डोळ्यांस जें आधीं दिसतें तेंच, म्हणजे रंगाचें काम, श्रावणांत करून घेतलें. निळा रंग सुरेख बसला. पंधरा दिवसांनीं इंजिन उतरविण्यासाठीं पुढचा भाग उघडला, तों चालकाच्या पायाखालचा पत्रा बोट लावतांच गळून पडला. वेल्डर बोलवावा लागला. त्याच्या ठिणग्यांनीं दाराचा नवा रंग पोळला. इंजिन वर घेतांना साखळी घसरून मडगार्डास पोचा पडला. पावसाळी हवेंत दिलेल्या रंगावर दुधाळ छटा आली ती वेगळीच. गाडी दुसऱ्यांदा रंगविली. मग ब्रेकचें तेल गळून चाकाजवळचा रंग सोलून निघाला. तिसऱ्यांदा रंगविण्यास पैसे उरले नाहींत. आंबिया बहाराची सबंध तोड भाड्याच्या गाड्यांतून कळमन्याच्या बाजारांत गेली, आणि भाड्यांत जी रक्कम गेली तींत पत्र्याचें व ब्रेकचें अशीं दोन्ही कामें नीट झालीं असतीं.

आमच्या आजोबांच्या काळचा सुतार अशी चूक करता ना. बैलगाडीचें चाक करतांना तो आधीं तुंबा घेई, त्यांत आरे ठोकी, आऱ्यांवर पुठे बसवी, आणि सर्वांच्या शेवटीं लोखंडी धाव तापवून चढविली जाई. धाव निवाली कीं आकसते व सगळ्या चाकाला आवळून धरते. ती एकदां चढल्यावर आंतला ढिला आरा बदलावयाचा तर धाव कापावी लागते. मोटारीचेंही तसेंच आहे. प्रत्येक काम हातीं घेण्यापूर्वीं एवढेंच विचारावें कीं, मागाहून करावयाच्या कोणत्या कामासाठीं हें उलगडावें लागेल? असें एखादें काम निघालें तर तें आधीं.

आतां प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. गेल्या फाल्गुनांत काटोल तालुक्यांतील आमचे एक सभासद आमच्याकडे आले. त्यांच्या वडिलांनीं १९९१ सालीं घेतलेली मॅटॅडोर घरीं सहा वर्षें उभी होती. वडील वारल्यावर थोरल्याच्या मनांत ती पुन्हा चालू करावयाची; बागेचा माल काटोलाहून कळमन्यास नेण्याचें भाडें दर हंगामांत त्यांस जड जात होतें. धाकटा भाऊ नागपुरांत नोकरीस, त्याचें म्हणणें, "दादा, भंगारांत दे आणि मोकळा हो. बाबा गेले, आतां गाडीवर किती पैसे घालशील?" दोघांतील बोलणें बंद होण्याच्या बेतास आलें होतें. थोरल्यानें तर इंजिन बांधण्यासाठीं एका मिस्त्रीस विसार देण्याचें कबूलही केलें होतें. आम्हीं त्यांस प्रथम विसार थांबविण्यास सांगितलें आणि गाडीचें नोंदणीपत्र, म्हणजे आर.सी. बुक, घेऊन या असें म्हटलें.

कारण पाना हातीं धरण्यापूर्वीं कागद हातीं धरला पाहिजे. गाडी कितीही सुंदर झाली, परंतु रस्त्यावर काढतां आली नाहीं, तर ती केवळ गोठ्याची शोभा होय. कागदांत पाहावयाचें तें असें. गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली आहे कीं खाजगी? खाजगी असल्यास नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें नमुना २५ भरून, गाडी दाखवून, दर वेळीं पांच वर्षांची वाढ मिळते. मालवाहू असल्यास आठ वर्षांनंतर दर वर्षीं फिटनेसचा दाखला लागतो, आणि तो नसेल तर कायद्याच्या दृष्टीनें नोंदणीच ग्राह्य धरली जात नाहीं. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांच्या या शुल्कांत बरीच वाढ झालेली आहे. महाराष्ट्रांत जुन्या गाड्यांस पर्यावरण कर निराळा पडतो. थकलेला कर, बँकेचा जुना बोजा, व दंडाच्या पावत्या या तिन्ही गोष्टी आधीं चौकशी करून एका कागदावर मांडाव्या. ती बेरीज पाहूनच पुष्कळांचा विचार पालटतो, आणि तो आधींच पालटलेला बरा.

दिल्लीच्या परिसरांत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांविषयीं २०१५ पासून जे हुकूम निघाले त्यांच्या वार्ता ऐकून आमचे कांहीं बांधव घाबरून जातात. ते हुकूम नागपुरास लागू नाहींत. येथें गाडीची स्थिति व तिचे दाखले हाच प्रश्न आहे. उलट कांहीं हौशी मंडळी "आमची गाडी विंटेज" म्हणून निश्चिंत असतात. २०२१ च्या नियमांनीं पन्नास वर्षांवरील गाड्यांस निराळी नोंदणी दिली खरी, परंतु तींत धंद्यासाठीं वापर चालत नाहीं आणि रोजच्या रस्त्यावर गाडी काढतां येत नाहीं. संत्री वाहणाऱ्यास तिचा उपयोग शून्य.

काटोलच्या गाडींत दोन अडचणी निघाल्या. पहिली, गाडी अद्याप वडिलांच्या नांवावर. धन्याच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत कार्यालयास कळवावें व तीन महिन्यांत नमुना ३१ भरून वारसाचें नांव लावावें असा नियम आहे. इतर वारसांची संमति त्या वेळीं मागितली जाते. मुदत केव्हांच टळलेली. विलंबाचा दंड भरणें आलें, आणि संमतीसाठीं धाकट्या भावाची सही आली. दुसरी अडचण अधिक कठीण. नोंदणीपत्रांतील इंजिनाचा क्रमांक व ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक जुळेना. वडिलांनीं केव्हांतरी इंजिन बदलून घेतलें होतें व नोंद करावयाची राहिली होती. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें असा बदल नोंदवून घ्यावा लागतो. सुदैवानें इंजिन त्याच जातीचें होतें आणि जुन्या ट्रंकेंत खरेदीची पावती सांपडली. ती पावती नसती आणि विसार दिलेला असता, तर दादांचे पैसे ज्या इंजिनांत गेले असते त्याचा दाखलाच मिळणें दुर्घट झालें असतें.

सहीसाठीं धाकटे बंधु एका रविवारीं गांवीं आले. त्यांनीं अट घातली ती आम्हांस वाजवी वाटली : खर्चाची मर्यादा आधीं ठरावी, आणि तपासणींत खालचा सांगाडा कुजलेला निघाला तर दादांनीं हट्ट न धरतां गाडी मोडींत द्यावी. मोडींत देणेंही आतां पूर्वीसारखें केवळ कबाड्याचें काम राहिलेलें नाहीं. २०२१ च्या नियमांप्रमाणें नोंदलेल्या केंद्रांत गाडी दिल्यास ठेव-प्रमाणपत्र मिळतें, आणि केंद्राच्या नियमांत त्यावर नव्या मालवाहू गाडीच्या करांत १५ टक्क्यांपर्यंत सूट ठेविलेली आहे. कबाड्यास गाडी देऊन नोंदणी रद्द न करणारा मनुष्य मात्र त्या क्रमांकाखालीं पुढें काय घडेल याची जोखीम आपल्या शिरावर घेतो.

कागदानंतर तपासणी. ही उलगडण्यापूर्वीं करावयाची, आणि तिला दोन दिवस द्यावे. एक वही, एक बोथट पेचकस व मोबाइलचा कॅमेरा एवढें साहित्य पुरे. पेचकसानें खालचे पत्रे, पायरी, दारांच्या तळकडा, बॅटरीची बैठक व चाकांवरील घुमट ठिकठिकाणीं दाबून पाहावे. जेथें भोंक पडेल तेथें खडूनें खूण करावी. संत्र्याच्या गाड्यांत एक विशेष रोग आढळतो. फळाखालीं पसरलेलें तणस ओलें होतें, दबलेल्या फळांचा आंबट रस त्यांत झिरपतो, आणि हा ओला थर महिनोन्महिने फलाटाच्या कोपऱ्यांत राहून पत्रा खातो. वरून रंग ठीक दिसतो. म्हणून चटई व तणस पूर्ण काढून, फलाट धुवून, वाळवून मगच पाहावें.

गाडी ठेवावी कीं मोडावी याचा निवाडा पत्रा करतो, इंजिन नव्हे. कारण वर सांगितलेंच आहे : इंजिनाचे भाग मिळतात, सांगाडा मिळत नाहीं. काटोलच्या गाडीचा डाव्या बाजूचा फलाट, दोन पायऱ्या व चालकाच्या पायाखालील पत्रा गेला होता. परंतु भार घेणारे लांब-आडवे तुळवे व पुढच्या चाकांच्या बैठका ठणठणीत होत्या. धाकट्यानें स्वतः पेचकस घेऊन गाडीखालीं पाठीवर निजून तासभर ठोकून पाहिलें. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "दादा, ठेव." आम्हांस त्या दिवशीं जेवणाचें निमंत्रण झालें.

येथें एक इशारा. तपासणीच्या उत्साहांत सगळी गाडी एकदम खोलूं नये. खोलण्यास आठ दिवस लागतात व जोडण्यास आठ महिने. मध्यंतरीं पैसे संपले, पेरणी आली, मिस्त्री दुसऱ्या गांवीं गेला कीं गाडी पोत्यांत भरलेली राहते. अशा पोत्यांतल्या गाड्या आम्हीं तीन पाहिल्या आहेत. जेवढें काम लागोपाठ पुरें होईल तेवढाच भाग खोलावा. खोललेले नट-बोल्ट त्या त्या भागाच्या नांवाच्या पिशवींत चिठ्ठीसह ठेवावे. आणि खोलण्यापूर्वीं प्रत्येक सांध्याचें छायाचित्र घ्यावें. तारांचे रंग स्मरणांत राहतील असा भरंवसा कोणीं धरूं नये.

आतां नागपूरच्या हवेचा विचार. आंबिया बहाराची तोड ऑक्टोबरपासून, मृगाची फेब्रुवारी-मार्चपासून एप्रिलपर्यंत. म्हणजे गाडीस सवड मिळते ती एप्रिलअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत. यांतले पहिले सहा आठवडे कडक उन्हाचे. मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. जूनच्या मध्यास पाऊस येतो आणि मग ओल्या हवेंत घांसून उघडा केलेला पत्रा एका रात्रींत तांबूस होतो. म्हणून पत्र्याचें काम व त्यावरील अस्तर, ज्यास कारागीर प्रायमर म्हणतात, हीं पाऊस येण्यापूर्वीं उरकलीं पाहिजेत. छपराखालचीं यंत्राचीं कामें पावसाळ्यांत चालूं शकतात. शेवटचा रंग पाऊस सरतां सरतां, सप्टेंबरअखेरच्या कोरड्या दिवसांत. भर मे महिन्याच्या दुपारींही रंग देऊं नये. तापलेल्या पत्र्यावर तो पसरण्यापूर्वींच सुकतो व खरखरीत राहतो.

परंतु केवळ "आधीं पत्रा, मग इंजिन" असा सरळ क्रम लावला तर हंगाम गांठतां येत नाहीं. कित्येक कामें आपल्या हातचीं नसून दुसऱ्याच्या दुकानांतील रांगेवर अवलंबून असतात. डिझेलचा पंप व नोझल कॅलिब्रेशनला जातात. हेड मशीनच्या दुकानांत जातें. रेडिएटर निराळ्या कारागिराकडे. आणि एखादा रबरी भाग पुण्याहून यावयाचा असतो. शेतकऱ्यास हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. जमीन तयार होण्याची वाट पाहून मग जो रोपें टाकतो त्याचें वर्ष जातें; रोपें गादीवाफ्यावर वाढत असतांच नांगरट करावयाची असते. त्याप्रमाणें पहिल्याच आठवड्यांत पंप, हेड व रेडिएटर काढून बाहेर धाडावे, लागणाऱ्या भागांची मागणी नोंदवावी, आणि तीं कामें होत असतां घरीं वेल्डिंग चालवावें. काटोलच्या गाडीचा पंप परत येण्यास पांच आठवडे लागले. तेवढ्यांत फलाट पुरा झाला होता.

वेल्डिंगपूर्वीं बॅटरी सोडावी, डिझेलची टाकी उतरवून दूर ठेवावी, व आसपासच्या तारा आणि रबर काढावें. टाकी जागेवर ठेवून "ओलें फडकें टाकलें आहे" असें म्हणणारा वेल्डर परत पाठवावा. पातळ पत्र्यास गॅसच्या ज्योतीनें सांधलें तर तो वाकतो, सी.ओ.टू. वेल्डिंगनें थोडथोड्या अंतरावर टांके घालून, मधून मधून निवूं देऊन सांधा भरावा. पायरी व खांब कापतांना दार काढून ठेवूं नये. दार जागेवर लटकलेलें असूं द्यावें व त्याची फट मोजीत जावें, नाहींतर काम झाल्यावर दार बसत नाहीं. दोन्ही बाजू एकदम कापूं नयेत. गंजावर पुट्टी थापणें म्हणजे कुजक्या फळावर मेण चढविणें होय; सहा महिन्यांत फुगून बाहेर येतें. कुजलेला भाग उजळ धातूपर्यंत कापून नवा पत्रा घालावा, सांध्यांस जोडलेप द्यावा आणि खालून डांबरी थर. साधा प्रायमर ओल शोषतो हें पुष्कळांस ठाऊक नसतें. त्यावर गाडी पावसांत उभी राहिली तर आंतून गंज धरतो. पावसाळाभर गाडी अस्तरावर ठेवावयाची असेल तर इपॉक्सी प्रायमर वापरावा. खर्च अधिक, पण येथें काटकसर नको.

पत्र्यानंतर आमच्या मतें ब्रेक, आणि मग इंजिन. पुष्कळ मिस्त्री हें उलट करतात, कारण इंजिनाचा आवाज ऐकला कीं धनी खूष होऊन पुढचा हप्ता देतो. परंतु इंजिन सुरू झालें कीं घरांतील कोणीतरी गाडी अंगणांत फिरवतोच. ती थांबली पाहिजे. वर्षानुवर्षें उभ्या गाडीच्या ब्रेकचें तेल पाणी शोषून घेतें व चाकांतील सिलिंडर आंतून गंजतात. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, रबरी नळ्या व लोखंडी नळ्या सर्व पाहाव्या. संशय येईल ती नळी बदलावी. याच वेळीं पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्यांवरील रबरी बूट तपासावे. बूट फाटून ग्रीस गेलें व धूळ शिरली कीं तो महागडा सांधा थोडक्याच दिवसांत खटखटूं लागतो. टायरच्या बाजूस लंबगोलांत चार आंकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. नक्षी शाबूत दिसली तरी दहा वर्षांचा टायर भरल्या गाडीस लावूं नये.

इंजिनाविषयीं लिहावें तितकें थोडें, पण क्रमापुरतेंच सांगतों. दीर्घकाळ उभें असलेलें इंजिन स्टार्टर लावून एकदम फिरवूं नये. ग्लो प्लग काढून चारी सिलिंडरांत थोडें तेल सोडावें, रात्रभर मुरूं द्यावें, आणि दुसऱ्या दिवशीं पान्यानें हातानें फिरवावें. सहज फिरलें तर दाब मोजावा. या जातीच्या इंजिनांत दाब १५ बारच्या खालीं उतरला असेल किंवा सिलिंडरासिलिंडरांत ३ बारहून अधिक फरक असेल, तर बांधणी करावी. तसें नसेल तर उगाच इंजिन उघडूं नये. काटोलच्या गाडीचें तसें नव्हतेंच. हेड उतरविण्यापूर्वीं मोजलेले दाब एकमेकांशीं जुळले, म्हणून फक्त हेडच्या व्हाल्व्हांचें काम केलें, पिस्टनांस हात लाविला नाहीं. मिस्त्री थोडा नाराज झाला. व्हाल्व्हची फट थंड इंजिनावर आंत घेणाऱ्यास ०.१० व बाहेर टाकणाऱ्यास ०.३० मिलिमीटर ठेवावी.

डिझेलच्या मार्गांत टाकीपासून सुरुवात करावी. तळाशीं पाणी व काळा गाळ बसलेला असतो. टाकी न धुतां दुरुस्त पंप चढविला तर तो गाळ सरळ नव्या पंपांत जातो. टाकी, नळ्या, फिल्टर, मग पंप, मग नोझल हा क्रम मोडूं नये. जुन्या रबरी नळ्या व सील सरसकट बदलावे. आजच्या अत्यल्प गंधकाच्या डिझेलवर जुनीं रबरें आकसून गळूं लागण्याचा अनुभव आहे.

थर्मोस्टॅटविषयीं एक वाद मिटवून टाकतों. आमच्याकडील कित्येक मिस्त्री "नागपूरच्या उन्हांत याचें काम काय?" म्हणून तो काढून फेंकतात. या इंजिनांत पाण्याच्या दोन वाटा आहेत : एक रेडिएटरमधून, दुसरी त्यास टाळून. इंजिन तापल्यावर दुसरी वाट बंद करण्याचें काम थर्मोस्टॅटच करतो. तो काढला कीं दुसरी वाट कायम उघडी राहते, बरेंचसें पाणी थंड न होतांच परत फिरतें, आणि चढावर गाडी अधिकच तापते. तो नवा घालावा व रेडिएटर आंतून स्वच्छ करावा. इंजिन खालीं असतांना क्लचची प्लेट, बेअरिंग व मागचें तेल-सील बदलून टाकावें. भाग स्वस्त, परंतु तेथें पोंचण्याची मजुरी मोठी.

तारांचें काम पत्र्यानंतर व आसनांपूर्वीं. उंदरांनीं कुरतडलेल्या तारांस ठिगळें लावण्यापेक्षां नवा जोड ओढणें स्वस्त पडतें. पासिंगसाठीं लागणारे दिवे, परावर्तक पट्ट्या व २०१९ च्या एप्रिलपूर्वींच्या गाड्यांस आवश्यक झालेली सुरक्षित क्रमांकपट्टी यांची तजवीज याच वेळीं करावी.

यानंतर गाडी अस्तरावरच चालवावी. निदान दोनतीनशें किलोमीटर, त्यांत एक फेरी भरल्या मालाची. तेल, पाणी, डिझेल, ब्रेक यांची जी गळती व्हावयाची ती या फेऱ्यांत दिसते. पुन्हा एकदां नट आवळले जातात. मगच रंग. आणि रंग नोंदणीपत्रांत लिहिलेलाच असावा. निराळा हवा असेल तर आधीं नोंद बदलून घ्यावी. आसनें, चटया, पडदे सर्वांच्या शेवटीं.

पैशाविषयीं एवढेंच कीं सगळी रक्कम एका थैलींत ठेवूं नये. कागद व तपासणी, पत्रा व ब्रेक, इंजिन, आणि रंग असे चार वांटे करावे. रंगाचा वांटा शेवटपर्यंत कोणत्याही कारणानें फोडूं नये, आणि एका वांट्याचें काम संपेपर्यंत पुढच्या कामाचा विसार देऊं नये. मध्येंच पैसे आटले तरी गाडी ज्या टप्प्यावर थांबेल तेथें ती सुरक्षित असते : सांधलेली, अस्तर दिलेली, चाकांवर उभी. काटोलच्या दोघां भावांनीं वांटे धाकट्याच्या खात्यांत ठेविले आहेत. थोरल्यानें मागितल्यावर तो आधीं छायाचित्र मागतो.

हें लिहितेवेळीं भाद्रपद चालू आहे. गाडी राखी अस्तरावर असून कळमन्यापर्यंत दोन फेऱ्या करून आली. दुसरींत भाजीपाल्याचा माल होता. उजव्या मागच्या चाकापाशीं ब्रेकचें थोडें तेल दिसलें, त्याचा सिलिंडर काढला आहे. वारसाचें नांव लागलें; इंजिनाची नोंद झाली; फिटनेससाठीं तारीख घ्यावयाची आहे. रंगाऱ्यास सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याचा वायदा दिला आहे, आणि पाऊस लांबला तर आंबियाची पहिली तोड राखी रंगावरच जाईल असें दोघां भावांनीं आम्हांस कळविलें आहे.